छातीपर्यंत गहू

थेन : गहू खालून ओढणारी मोटर बंद केलीस?

मॅरेन : केली, बाबा. बटण खाली ओढलं आणि वायरही काढून टाकली.

थेन : वायर कशाला?

मॅरेन : तुम्हीच म्हणता, एक काम सांगितलं की त्याच्या पुढचं आपलं आपण ओळखावं.

थेन : हं. बरोबर आहे. आता वरचं झाकण पूर्ण उघड, म्हणजे उजेड येईल, आणि तिथेच बस. कोठीत पाऊल टाकायचं नाही. काहीही झालं तरी.

मॅरेन : तुम्ही का टाकलंत?

थेन : खालचं तोंड तुंबलं होतं. ओल लागून गव्हाचे गठ्ठे झालेत. आत उतरून गजाने फोडले.

मॅरेन : मोटर चालू ठेवून?

थेन : हा प्रश्न आपण जेवताना घेऊ.

मॅरेन : गहू तुमच्या कमरेच्या वर आलाय.

थेन : कमरेपर्यंत आलाय. माणसाचं निरीक्षण अचूक असावं.

मॅरेन : बरं. कमरेपर्यंत. दोर टाकू का?

थेन : टाक.

मॅरेन : दोर गाडीत आहे. आई धाकट्यांना घेऊन गाडीने मावशीकडे गेलीय.

थेन : मग ‘टाकू का’ असं कशाला विचारलंस?

मॅरेन : तुम्ही हो म्हणालात तर काहीतरी सुचेल असं वाटलं.

थेन : फावडं दे. हळूच, दांडा पुढे करून. शाबास. आता बघ. मी पुढचा गहू मागे सारतो, पाय मोकळे होतात, आणि मी निघतो. साधं काम आहे. घाई नाही, आरडाओरडा नाही. कुणाला सांगायची गरज नाही.

मॅरेन : मी आरियेताकाकूंना बोलावते.

थेन : गरज नाही म्हटलं ना.

मॅरेन : त्यांचं घर रस्त्यापलीकडेच आहे.

थेन : हिवाळ्यात आपल्या गोठ्यावर बर्फ पडून छप्पर बसलं, तेव्हा लूर्द आरियेता ट्रॅक्टर घेऊन दारात उभी होती. मी काय म्हणालो तिला?

मॅरेन : ‘आभारी आहे, आमचं आम्ही बघतो.’

थेन : आणि आपण बघितलं की नाही?

मॅरेन : मार्चपर्यंत बघत होतो. बाबा, तुम्ही जितका उपसताय तितका वरून परत येतोय.

थेन : तो सुरुवातीला येतोच.

मॅरेन : तुमच्या डाव्या हाताला गव्हाची भिंत उभी आहे. घट्ट चिकटून राहिलीय. तुमच्या डोक्याच्या वर गेलीय. तुम्ही तिच्याच पायथ्यातून उपसताय.

थेन : हळू बोल. दिसली मला.

मॅरेन : ती पडली तर?

थेन : पडणार नाही. आता मी उजवीकडून उपसतो.

मॅरेन : आता तुम्ही पोटापर्यंत गेलात. हे निरीक्षण अचूक आहे.

थेन : मॅरेन, आज सोमवार. संध्याकाळी घरच्या धर्मपाठाची पाळी तुझी. तयारी झालीय?

मॅरेन : आत्ता?

थेन : आत्ताच. मी काम करतो, तू म्हण. वेळ वाया जात नाही.

मॅरेन : ‘टिकणारा आनंद.’ सुरुवातीला मी म्हणणार आहे की दुकानातून आणलेला आनंद लवकर संपतो. उदाहरणार्थ, फोन. माझ्या वर्गात सगळ्यांकडे आहे, आणि ते सगळे दुःखी आहेत.

थेन : छान.

मॅरेन : हे मी तुमच्यासाठी लिहिलं. ते दुःखी नाहीत. आणि माझ्याकडे फोन असता तर मी इथे बसूनच काकूंना बोलावलं असतं.

थेन : पुढे.

मॅरेन : टिकणारा आनंद तीन गोष्टींतून येतो. परमेश्वरावर श्रद्धा, हाताला कष्ट, आणि स्वतःच्या पायांवर उभं राहणं. बाबा, मला तुमचे पाय दिसत नाहीत.

थेन : ते आहेत. थांब, काहीतरी थरथरतंय. खिशात फोन वाजतोय.

मॅरेन : गव्हाखाली?

थेन : तुझी आई असेल. पोहोचली की फोन करते.

मॅरेन : घ्या ना.

थेन : हात खाली गेला तर वर येणार नाही. वाजू दे. एक वाजलेला फोन माणसाला मारत नाही.

मॅरेन : तुम्ही ‘मारत’ का म्हणालात?

थेन : बोलण्याच्या ओघात.

मॅरेन : बाबा, तुमचा श्वास वेगळा येतोय. मी जाते. स्वयंपाकघरातल्या फोनवरून अग्निशामकवाल्यांना कळवते आणि काकूंना घेऊन येते.

थेन : अग्निशामकवाले म्हणजे कोण, माहीत आहे ना? गावातलेच स्वयंसेवक, आपले शेतकरी बिशप आणि त्यांचा मेहुणा. काल चर्चमध्ये मी त्यांच्यासमोरच स्वावलंबनाचा वर्ग घेतला. मोठा फळा आणला होता.

मॅरेन : मी होते तिथे. मीच फळा धरला होता.

थेन : मग कळतंय ना तुला.

मॅरेन : नाही. मी अकरा वर्षांची आहे, मला एवढंच कळतंय की फळा तुम्हाला बाहेर काढू शकत नाही.

थेन : मॅरेन, जाऊ नकोस. बाप म्हणून सांगतोय.

मॅरेन : गेले तर तुमचं ऐकलं नाही असं होईल. नाही गेले तर... बाबा, मी प्रार्थना म्हणून जाऊ, की आल्यावर म्हणू?

थेन : आल्यावर म्हण.

(लोखंडी शिडीवरून उतरणारी पावलं, मग अंगणात पळणारी. कोठीत थेन एकटा.)

थेन : हे स्वर्गातल्या पित्या. मी थेन. तुला माहीतच आहे, कारण रोज रात्री माझंच बोलणं सगळ्यांत लांब असतं. आजवर मी आभारच मानले. जमिनीबद्दल, पावसाबद्दल, हातांबद्दल. मागणं मला आवडत नाही. मागितलं तरी दुसऱ्यांसाठी मागितलं, ते सोपं जातं. आज... थोडं थांबतो, दम लागतोय. आज मी माझ्यासाठी मागतो. ती भिंत तेवढी उभी ठेव. आणि पोरीला रस्ता ओलांडताना नीट बघू दे, ती धावत सुटते तेव्हा दोन्हीकडे बघत नाही. आणि लूर्दला... लूर्द घरी असू दे. एवढंच. नाही, आणखी एक. मला भीती वाटतेय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमेन.

लूर्द : जिवंत आहेस का रे?

थेन : आहे.

लूर्द : तोंड बंद ठेव आणि तसाच राहा. पोरी, आपण माझ्याकडून आणलेली ती फळी सरकव. बाकीच्या पण. थेन, ऐक. मी घरून आणलेला दोर कमरेला बांधून आत येतेय. आडवी पडून येणार, साप येतो तशी. हसलास तर भिंत पडेल.

थेन : लूर्द, तुझं वय...

लूर्द : वय खाली ठेवून आलेय. अग्निशामकवाल्यांना पोरीने फोन केलाय. सगळे कापणीवर आहेत, बिशपही. ते सगळं टाकून निघालेत म्हणे, पण लांब शेतात आहेत. तोवर मी आणि ही पोरगी.

मॅरेन : बाबा, दोराचं दुसरं टोक शिडीला दोनदा बांधलंय. मी ओढून बघितलं.

थेन : गाठ कुठली?

मॅरेन : तुम्ही शिकवलेली.

लूर्द : आता मी ही फळी तुझ्या आणि भिंतीच्या मध्ये दाबणार. मग दुसरी, मग तिसरी आणि चौथी. तुझ्याभोवती खोका होईल. बाहेरून गहू आत येणार नाही, आणि आतला मी काढेन. समजलं?

थेन : मी दुसरी धरतो.

लूर्द : धरू नकोस.

थेन : मदत...

लूर्द : तुझ्याच मदतीने तू इथवर आलायस. हात वर कर आणि वरच ठेव, शाळेत प्रश्न विचारणाऱ्या पोरासारखे.

मॅरेन : काकू, भिंतीतून गहू सुटतोय. वरच्या बाजूने. बारीक धार आहे.

लूर्द : दिसतंय. बोलू नका कुणी.

थेन : लूर्द, तू बाहेर जा.

लूर्द : मी काय म्हटलं?

थेन : पडली तर... दोघेही. पोरगी वर आहे. बघेल.

लूर्द : मग गप्प राहा, म्हणजे तिला बघावं लागणार नाही. ही बसली एक. सरक. तू नाही, मी फळीला म्हणतेय.

मॅरेन : धार मोठी झाली.

लूर्द : दुसरी दे. दे लवकर. माझ्या पाठीवरून सोड, लागू दे.

मॅरेन : काकू!

लूर्द : ...

मॅरेन : काकू? बाबा? मला धुळीत काही दिसत नाही. बाबा!

थेन : आहे.

मॅरेन : काकू?

लूर्द : थू. आहे. तोंडात गहू गेला. भिंत आली ती फळीवर आली. फळी माझ्या खांद्यावर आहे. खांदा अजून माझाच आहे. थेन, कुठवर आलाय?

थेन : छाती.

लूर्द : हनुवटी दिसतेय मला, पुष्कळ झालं. पोरी, आता ते यंत्र सोड खाली.

थेन : काय... यंत्र?

लूर्द : व्हॅक्यूम क्लीनर. सुनेने ख्रिसमसला दिला. मी कधी खोक्यातून काढला नाही. म्हटलं, घर झाडायला मला हात आहेत. आज पहिल्यांदा लावतेय, तेही मॉर्मन माणसाभोवती. पोरी, वायर जोडलीस?

मॅरेन : मोटरच्याच बोर्डावर. मोटरची मात्र नाही जोडली.

लूर्द : हे बरं सांगितलंस. थेन, आता तुझं एकच काम. काही करायचं नाही.

थेन : काहीच?

लूर्द : उभा राहा आणि श्वास घे. तोही छोटा. बाहेर सोडलास की गहू आवळतो, म्हणून सगळा सोडू नकोस.

थेन : जमत... नाही.

लूर्द : श्वास?

थेन : काही न करणं.

मॅरेन : बाबा, माझ्याकडे बघा. वर बघा. मी आता प्रार्थना म्हणते. तुम्ही म्हणाला होतात, आल्यावर.

थेन : म्हण.

मॅरेन : हे स्वर्गातल्या पित्या, आरियेताकाकू कॉफीची किटली गॅसवर तशीच ठेवून धावत आल्या, त्याबद्दल आभार. कॉफी आम्हाला धर्माने चालत नाही, पण ती त्यांची आहे. यंत्राची पिशवी दर वेळी गव्हाने भरली की त्या जे शब्द वापरताहेत ते ऐकू नकोस. बाबांची छाती दिसायला लागलीय, त्याबद्दल आभार. आता पोट दिसू दे. घाई नाही. म्हणजे, आहे. आमेन.

लूर्द : आमेन. आणि तो शब्द मी यंत्राला म्हणाले.

थेन : लूर्द.

लूर्द : बोलू नकोस म्हटलं ना.

थेन : हिवाळ्यात... तो ट्रॅक्टर. तू तासभर थंडीत... तापवत बसली होतीस. खिडकीतून बघत होतो.

लूर्द : ठाऊक आहे. पडदा हलत होता.

थेन : हाक मारायला हवी होती.

लूर्द : आज मारलीस.

थेन : मी नाही. पोरीने.

लूर्द : एकाच घरातली आहे ना? चालतं मला. डावा पाय हलतो का बघ. हळू. तुला विचारून मी पस्तावणार, पण बघ.

थेन : हलतो.

लूर्द : पोरी, बाहेर गाडीचा आवाज येतोय तो तुमच्या बिशपचा का बघ. त्याला सांग, वर चढताना पाय आपटू नकोस. आणि सांग, आत येऊन व्याख्यान द्यायचं असेल तर बाहेरच थांब, इथे आधीच एक वक्ता अडकलाय.

मॅरेन : बाबा, तेच आलेत. सगळे आलेत. तुमच्या वर्गातले पण.

थेन : येऊ दे.

मॅरेन : मी त्यांना काय सांगू?

थेन : सांग... ओढायला माणसं लागतील.

*

मॅरेन : बाबा, इथे बाहेर टेका. कोठीच्या भिंतीला. त्यांनी डॉक्टरला बोलावलंय.

थेन : तुझे हात सोलवटलेत. गाठीमुळे.

मॅरेन : काही नाही. तुमचे बूट गव्हाने भरलेत. काढू का?

थेन : मी काढतो.

मॅरेन : बरं.

थेन : बोटं वळत नाहीत.

मॅरेन : मी बसते, बाबा. घाई नाही.

थेन : काढ.

मॅरेन : दुखतंय?

थेन : नाही. दुसराही काढ.