पाव चमचा

— नाही ताई, चमचा नाही, पाव चमचा! लिटरभर पाण्याला पाव चमचा, बास. पाकिटावर जास्त लिहिलंय खरं, पण ते बागेतल्या झाडांचं. घरातल्या कुंडीला निम्मं पुरतं. आणि माती कोरडी असताना तर अजिबात नको, आधी साधं पाणी, मग खत — नाहीतर मुळं भाजतात. ही पानांची टोकं करपलीत ना, वर पांढरा थर आलाय ना? तो जास्त खताचाच. भूक नाही हो ही, अजीर्ण आहे! आता महिनाभर नुसतं पाणी. पहिल्यांदा भरपूर घाला, खालून वाहून जाईपर्यंत. बाबा म्हणायचे, झाड उपासाने मरत नाही, लाडाने मरतं. माझे बाबा — चाळीस वर्षं माळी होते, ही रोपवाटिका त्यांचीच. आणि आता तेच बाबा एका सकाळी एकाच गुलाबाला पाच वेळा खत घालायला लागले. घातलेलं आठवतच नाही ना. मी म्हणायचे, बाबा, मघाशी घातलंत. कोणी, मी? छे! — की झारी घेऊन पुन्हा तयार. रागवायचं तरी कोणावर?

आणि हे दुसऱ्या बाटलीत कालवून ठेवायचं नाही हं, पाण्याच्या तर नाहीच. लहान मूल आहे घरात? नाही? तरी नाही. म्हातारं माणूस असतं घरात. बाबांनी कालवलं तसंच, आणि तासाभराने तहान लागली म्हणून तीच बाटली तोंडाला लावली. दोन दिवस दवाखान्यात — निभावलं. त्या वेळी मी इथे उभी राहून गिऱ्हाइकाला हेच सांगत होते, नेमकं हेच. काय म्हणायचं याला?

मग खताच्या कपाटाला कुलूप घातलं. तर त्या कुलपापुढे झारी घेऊन उभे, तास तास. बघवेना. म्हणून पाण्यात चिमूटभर नीळ कालवून दिली, खताच्या पाण्यासारखं निळं दिसावं म्हणून. त्यांनी बोटांत चोळून बघितलं, वास घेतला आणि मला म्हणाले, "बाई, फसवलंय तुम्हाला कोणीतरी. हे खत नव्हे." बाई! पोटच्या मुलीला! मुलगी विसरले, खत नाही विसरले.

भाऊ म्हणाला, झाडंच काढून टाक. परवा दुपारी बाबा झोपले होते, तेव्हा गच्चीतल्या सगळ्या कुंड्या खाली आणल्या — सगळ्या त्यांनी हाताने लावलेल्या. उत्तर तयार ठेवलं होतं मी: गच्चीची डागडुजी चाललीय, चार दिवसांत येतील परत. घोकत बसले होते, परीक्षेला बसल्यासारखी. उठले, गच्चीत गेले, कठड्याला धरून जरा उभे राहिले. आत आले. चहा प्यायले.

विचारलंच नाही हो त्यांनी. परवा नाही, काल नाही, आज सकाळीही नाही. विचारतील, चिडतील, मला बोलतील — मी त्याचीच धास्ती घेतली होती. आणि आता वाटतं, एकदा तरी —

बरं. हात धुवा घरी गेल्यावर, साबणाने. या तुम्ही. मला बंद करायचंय.