बिळातली वाम

न्हाई न्हाई ताई, परत सांगा — हळू सांगा, पुण्याहून मासं तपासाया आलात तुमी, मी काय तुमच्या कॉलेजातली न्हाई. ही चिखलातली वाम जन्मती ती मादी, बरं. मोठी झाली की आपसूक नर व्हती — ते तिचं मूळचंच हाय, त्यात वावगं काय न्हाई. आसंल बाई. वीस वर्सं ह्या डिंभ्याच्या धरणावर मासळी कापतीया मी, लहान वामीत अंड्यांची गाभोळी घावती आन् मोठीत कधीच न्हाई, एवढं हाताला ठावं व्हतं. मग ही तुमच्या बरफाच्या डब्यातली एवढुशी — वीतभर बी न्हाई — हिच्या पोटात अर्धी गाभोळी आन् अर्धं नराचं, ते का? — ऑइलनं? ऑइल पोटात गेलं की ते हार्मोन का काय ते बिघडतं, आन् नको त्या वयात ती बदलाया लागती? आत्ता गं बया!

ऑइल तर आसणारच की. होड्या हायेत, इंजनं हायेत, आमचे मालकच दर साल होडीच्या बुडाला जळकं ऑइल फासत्यात, लाकूड कुजू नये म्हणून. उतरतं थोडं पाण्यात. — पर होड्या तर समद्या धरणात हायेत, मग ह्याच काठाच्या चिखलात एवढं का, आसं विचारताय. व्हय. हितंच.

बसा जरा. ती तिकडं पत्र्याच्या घरापुढं बसलीया ना, ती माझी लेक, वैजयंती. सातवा लागलाय तिला. पहिलटकरीण हाय, पाचव्यातच आणली म्या हिकडं. डॉक्टर म्हणलं, रगत लई कमी हाय. गोळ्या दिल्या, त्या उलटून पडत्यात. आन् वामीनं रगत वाढतं, हे माझी आजी सांगायची — हसू नका तुमी. पर वाम काय सहजी घावती? बिळात घुसून बसती, हात घातला की निसटती. तर — मालकांना ठावं न्हाई हे, तुमी बोलू नका — जळक्या ऑइलचा डबा होडीत पडलेलाच आसतो. वाटीभर बिळात वतायचं. दमानं थांबायचं. गुदमरून वर येती बघा, आपल्या पायानं आल्यावानी. मला वाटलं, काय झ्याक युक्ती घावली! शेजारणीला सुदिक सांगितली न्हाई. रोज एक बीळ, कधी दोन. दोन म्हयनं झालं.

आता सांगा मला. माशाचं बिघडतं तसं माणसाचं बी बिघडतं का? पोटातल्याचं? — मला भ्या वाटतंय ताई. ठावं न्हाई म्हंजी? तुमी शिकलेल्या, तुमालाच ठावं न्हाई तर मी कुणाच्या दारात जाऊ? पोरगा व्हवू दे न्हाईतर पोरगी, मला दोनी सारखंच, फकस्त धड निपजू दे. त्या जिवानं काय केलं हो कुणाचं?

आन् पोरीनं सांगितलं व्हतं मला. पहिल्याच दिशी. 'आये, कालवणाला घासलेटचा वास येतोय गं.' मी म्हणले, गरवारपणात समद्यालाच वास येतो, नखरं करू नगंस. ह्या हातानं नाक दाबलं तिचं आन् भरवलं. रडली. नगं गं आये, नगं, म्हणत व्हती. तरी भरवलं. रोज भरवलं ताई. काल बी.

व्हय, व्हय, उद्या सकाळीच नेते दवाखान्यात. समदं सांगते, ऑइलचा डबा बी दाखवते डॉक्टरला. — थांबा, ती उठली. हिकडंच येतीया. झाका तो बरफाचा डबा — झाका म्हणते ना! आन् निघा तुमी आता. तिनं काय इचारलं तर म्हणावं — काय म्हणावं? न्हाई, तुमी कायबी बोलू नका. जावा. जावा म्हणते ना.