बाल्कनीतनं मारलेली हाक

न्हाय, पोटात दुखत न्हाय माझं, आन् उकाडाबी न्हाय — सहज येऊन बसलोय पायरीवर. तुमी बसा की, पावणं. गाडी घेऊन आलाय न्हवं, साहेब आत नाटक बघत्यात? गारगोटीचं व्हय. मग बसा, अजून लई येळ हाय. नाटक चांगलं हाय म्हणं. म्हणं म्हणजे — मीबी बघितलं की थोडं. ऐकलं? हे बघा, परत हसली लोकं. भिंतीतनं ऐकू येतंय.

आमी तिघं आलोय, शिवाजी पेठेतनं, चालत. मी, गुंडू आन् कृष्णात — पोरपणापास्नं एका तालमीतली माणसं. म्हैन्याला आमचं रस्सा मंडळ असतंय, तालमीच्या मागं चूल मांडायची, मटण शिजवायचं, तांबडा-पांढरा ओरपायचा. गुंडूचं मटण डॉक्टरनं बंद केलं. तर ह्यो म्हणला, मी न्हाय खाणार तर तुमीबी खाऊ नका, ह्या म्हैन्याचं मटण रद्द, त्या पैशात नाटक बघू. तिकीट पार मागचं मिळालं, दुपारच्या खेळाचं. बाल्कनी, शेवटची रांग, वर पंखा, त्यो बी फिरत न्हाय. मध्यंतरात वडा घ्यायचा न्हाय, घरनं भडंग न्यायचं, असं ठरवून आलतो. गुंडूनं थेटरात अंधार व्हायच्या आत निम्मं भडंग संपवलं. कृष्णात म्हणला, गुंड्या, नाटक बघाय आलायस का चरायला.

नाटकात काय — एक बाप हाय, एक पोरगा हाय. बाप विसरभोळा. चष्मा फ्रिजमदी ठेवतोय, दूध देवापुढं सांडतोय. पोरगा चिडतोय, हात उगारतोय, म्हातारा टेबलाखाली शिरतोय आन् डोक्यावर पातेलं घेतोय. थेटर नुसतं लोळतंय. गुंडू माझ्या मांडीवर थापा मारतोय. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं — मग परत त्यानं हात उगारला, तसा मी उठलो आन् वरडलो, सम्राट, हात खाली घे. आता आमचा आवाज फुटबॉलच्या ग्राउंडवर कमावलेला, त्याला माइक लागत न्हाय. नाटक थांबलं. त्यो नट बेरकी — त्यानं वर बघितलं, हात जोडलं, म्हणला, घेतला काका, बसा आता. काय टाळ्या पडल्या. मी बसलो न्हाय. भाईर आलो.

कुठलं नाव? सम्राट? असंच आलं तोंडात. नाटकातल्या पोराचं नाव दुसरंच असंल, तिथनं धड ऐकू कुठं येतंय. तुमी लई बारीक ऐकताय, पावणं. — आमच्या पोराचं नाव हाय ते. शाहूपुरीत दुकान हाय त्याचं, पाइपा विकतोय. चांगला हाय. दारू न्हाय, पत्ता न्हाय. एकदाच झालं. गच्चीवरच्या टाकीचा नळ माझ्या हातनं चालू ऱ्हायला, सगळं पाणी गेलं, सकाळी घरात आंघोळीला थेंब न्हाय. त्यो वर आला आन् हात उगारला. उगारला म्हणजे — लागला. हितं, भुवईवर. ह्या दोघांना सांगितलं, मोरीत घसरलो. हळद लाव म्हणले. झालं.

मला मारल्याचं कायबी न्हाय. हे मनगट बघा, अजून त्याला उचलून खाली ठेवीन. पण मी काय केलं — कुणाला सांगितलं न्हाय, तुमी आता गारगोटीला जाणार म्हणून सांगतोय — मी खाली बसलो आन् दोन्ही हात डोक्यावर घेतलं. त्या नाटकातल्या म्हाताऱ्यागत. अगदी तसंच. हितं लोकं हसली. आमच्या गच्चीवर हसायला कोण न्हवतं, एवढंच.

आता ह्या दोघांच्या ध्यानात आलं का न्हाय, तेवढंच सांगा. तुमी कसं सांगणार. गुंडू हसत हुता, त्याला काय कळलं नसंल. थेटरात कुणीबी कायबी वरडतंय. पण कृष्णात — सम्राट बारका हुता तवा त्याला खांद्यावर घेऊन मॅच दाखवायचा ह्यो. उद्या तालमीत झालं, की सम्राटनं बापाला मारलं, तर त्या पोरानं पेठेत फिरायचं कसं? आन् मी तरी? चुलीपाशी बसलो की सगळी माझ्या भुवईकडं बघणार. वाढताना एक फोड जास्त घालणार. तसलं मटण माझ्या घशाखाली उतरायचं न्हाय.

घंटा झाली. मध्यंतर. आली माणसं भाईर. पावणं, तुमची नजर तरणी, माझं डोळं ह्या उन्हात दिपत्यात — एक जाडा असंल, एक उंच, पांढऱ्या इजारीतला. दिसलं? हसत हैत का? न्हाय? जाडाबी न्हाय? नीट बघा की. वड्याकडं वळलं असत्याल. न्हाय — इकडंच येत्यात. उंचाच्या हातात काय हाय ते? टोपी. माझीच, खुर्चीवर ऱ्हायली. टोपी कशाला आणली, मी परत आत आलो असतो की. निम्मं नाटक ऱ्हायलंय अजून.

उठा, पावणं. काय न्हाय, तुमी गाडीत जाऊन बसा. उठा म्हणतोय न्हवं. हितं ती दोघं बसणार हैत.