मेण लावायचं राहिलं

एक्स-रेसाठी बाकावर ताटकळलेल्या शिंपीणबाईंशेजारी एक आजी आणि त्यांची लेक येऊन टेकल्या. आजींच्या मांडीवरच्या बुटांच्या खोक्यात वाफेचं इंजिन होतं, सगळं लाकडाचं. शिवणकामाने डोळे अधू झाले तरी शिंपीणबाईंचे कान शाबूत होते.

"आई, अगं, चाकं फिरतच नाहीत!"

"शेवटचं चाक ह्यांचं बसवायचं राहिलं होतं ना. म्हटलं, आपणच चिकटवून न्यावं. सरस आत उतरला आणि आस धरून बसला."

"मेण नाही लावलंस?"

"ते आधी आसाला मेण चोळायचे, म्हणजे सरस धरत नाही. सहा वर्षं त्यांना खेळणी करताना समोर बघितलं, आणि नेमकं विसरले."

"बाबा आता ओरडतील."

"ओरडू देत. आठ दिवस नुसतं हो-हो करतायत सगळ्याला. बेचाळीस वर्षांत माझ्या एका कामाला चांगलं म्हटलं नाही या माणसाने. पडद्याची शिवणसुद्धा पट्टी लावून बघायचे."

"थांब, ब्लेडने खरवडून बघते."

"नको. राहू दे तसंच. बघू देत त्यांना."

समोरच्या वॉर्डात नर्सने एकीलाच आत सोडलं. आजी खोकं घेऊन गेल्या आणि थोड्याच वेळात परत आल्या.

"चाकं फिरवून बघितली?"

"बघितली. बोटाने. दोनदा."

"मग? ओरडले?"

आजींनी खोक्याचं झाकण लावलं.

"छान झालंय म्हणाले."