हौसाबाईंच्या छातीत गेलेली पावडर

मंडळी, हातातली कामं टाकून तुम्ही आलात. शेवंताबाई, तुम्ही चौघी तर चाळणीवरून उठून तशाच आलात, पदर अजून पांढरे आहेत. जोतीरामदादा, तुमच्यासमोर उभं राहायला मला जड जातंय.

हौसाबाई मोरे जाऊन आज दहा दिवस झाले. मी चौगुले, कारखान्याचा केमिस्ट. मॅनेजरसाहेब म्हणाले, "बाईंबद्दल दोन चांगले शब्द बोला." माझ्याकडे चांगले शब्द नाहीत. जे झालं ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात हौसाबाई खडी फोडत होत्या. दादा, त्यांचे यजमान, तेव्हा पलटणीत होते. पुढं पाऊस झाला, खडीचं काम थांबलं, आणि त्या आमच्याकडे आल्या. फलटणकडून कच्च्या पपईचा चीक यायचा. तो वाळवायचा, दळायचा, चाळायचा. चाळण्याचं काम हौसाबाईंकडे. खोली बंद. कारण वाऱ्यानं पावडर उडते, माल वाया जातो. माल वाया जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. बाई वाया गेली तरी चालेल, असं तोंडानं कुणीच म्हटलं नाही.

पहिल्या वर्षी त्यांच्या बोटांची सालं निघाली. आम्ही खोबरेल दिलं.

बाहेरून पाहुणे आले की मी त्यांना एक गंमत दाखवायचो. कोमट पाण्यात आमची पावडर कालवायची आणि त्यात मटणाचा तुकडा सोडायचा. चहापाणी झाल्यावर तो तुकडा बोटानं दाबला की लगदा व्हायचा. मी पाहुण्यांना सांगायचो, हे एन्झाइम आहे, प्रोटीन तोडतं. पाचक औषधात घालतात, कातडं मऊ करायला वापरतात. एकदा हौसाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "आवं सायब, ह्यानं मटाण इरघळतंय, मग माजा ऊर कशाचा हाय?"

पाहुणे हसले. मीही हसलो. मंडळी, मी बीएस्सी झालेलो. जो प्रश्न मला पडायला हवा होता, तो पाटी न धरलेल्या बाईला पडला, आणि मी हसलो.

मग खोकला लागला. छातीत शिट्टी वाजायची. पाण्याची घागर उचलवेना. मॅनेजरसाहेब म्हणाले, मिश्री लावते, दुसरं काय होणार? जोतीरामदादा पेन्शनीवर घरी आले ते थेट त्यांना मिरजेला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी थुंकी तपासली. क्षय नव्हता. मग त्यांनी चिठ्ठी पाठवली, "बाई नेमकं काय काम करतात ते कारखान्यानं लिहून द्यावं."

ती चिठ्ठी माझ्या टेबलावर आली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "फळं निवडते म्हणून लिहा. उगीच चौकशी मागं लागेल."

मी लिहिलं. खाली सही केली.

साहेब, उठू नका. बसा. माझं संपलेलं नाही.

फळं निवडते म्हटल्यावर डॉक्टरांनी दम्याच्या गोळ्या दिल्या. आणि हौसाबाई परत चाळणीवर बसल्या. सव्वा वर्ष. रोज मी त्या खोलीवरून जायचो. रोज आतून शिट्टी ऐकू यायची.

दुसऱ्यांदा मिरजेला जायची वेळ आली तेव्हा मी सोबत गेलो. एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत हौसाबाई चार वेळा रस्त्यात बसल्या. या खेपेला डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, "बाई, कारखान्यात काय करता?"

"चाळते. पपईचं पीठ."

डॉक्टरांनी कागदांतून माझं पत्र काढलं. एकदा पत्राकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

मग ते जे बोलले ते तुम्ही सगळ्यांनी ऐका. ते म्हणाले, प्रोटीन तोडणारी एन्झाइमं आपल्या अंगातही असतात. पोटात अन्न पचवतात. जखमेवर रक्त गोठवायला लागतात, जंतू मारायला लागतात. पण शरीर ती मोजून सोडतं आणि त्यांच्यावर राखण ठेवतं. राखण कमी पडली की तीच आपलं अंग खातात. तुम्ही तर बाहेरून रोज श्वासाबरोबर आत पाठवलीत. फुप्फुसात रबरासारखे धागे असतात, त्यांच्या जोरावर श्वास बाहेर पडतो. ते तुटले. ते परत येत नाहीत.

आणि म्हणाले, "हा आजार अभ्यासायचा असेल तर संशोधक जनावराच्या फुप्फुसात मुद्दाम हीच पावडर घालतात. चौगुले, तुम्ही बाईंच्या घातलीत."

बाहेर बाकावर हौसाबाईंनी विचारलं, "सायब, त्या कागदावर काय लिवलं हुतं?"

मी सांगितलं.

बराच वेळ त्या धापा टाकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई, म्हनून लिवलं तुमी."

त्यांनी मला माफ केलं, असं मी इथं सांगणार नाही. केलं नाही. करायचं काही कारणही नव्हतं. पुढचे चार महिने त्या उशा रचून बसूनच झोपल्या. दादा पाठ चोळायचे. कारखान्यातून एकदा फळांची टोपली गेली. दादांनी ती दारातूनच परत पाठवली.

काल मी खरं पत्र लिहिलं. एक प्रत मिरजेच्या डॉक्टरांना, एक फॅक्टरी इन्स्पेक्टरना टाकली, एक आज सकाळी दादांच्या हातात दिली. दादांनी ती घेतली, वाचली, घडी घातली. म्हणाले, "रिपोर्ट लेट आला, चौगुले." बरोबर बोलले. यानं हौसाबाई परत येत नाहीत आणि माझी जुनी सही पुसली जात नाही.

शेवंताबाई, खोकला तुम्हालाही आहे. मी ऐकलाय. त्या खोलीत आता बसू नका. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

मॅनेजरसाहेबांनी दोन मिनिटं शांततेची ठरवली आहेत. मला तेवढं मागायचा अधिकार नाही, त्या खोलीबद्दल मी पाच वर्षं शांतच होतो. तरी सगळे उभे राहूया. हौसाबाई जोतीराम मोरे. आमच्या कारखान्यात पपईची पावडर चाळत होत्या. त्यांना माझा नमस्कार.