गव्हाण भरत नाही

गोराईच्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते. त्याच्या हातात पेंढ्याने फुगलेली पिशवी होती.

"ऑस्टिन, नाताळच्या गोठ्यात खरी गाय बांधतोस काय रे?"

"सोफीला हवाय. नाताळआधीच्या आगमनकाळात एक चांगलं काम केलं की बाळ येशूच्या गव्हाणीत एक काडी घालायची ना."

"एका काडीला एवढी पिशवी?"

"दिवसाला वीस कामं करते गं ती. काल माझ्या चपला दोनदा धुतल्या."

"गुणाची पोर आहे तुझी!"

"गव्हाण भरली की मम्मी हॉस्पिटलातून घरी येणार, म्हणते."

"हे कुणी घातलं तिच्या डोक्यात?"

"मीच. तेव्हा डॉक्टर हो म्हणत होते."

"आणि आता?"

"आता करण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणतात."

"मग गव्हाण भरल्यावर काय सांगणार तिला?"

"भरूच देत नाही. ती शाळेत गेली की मूठभर काड्या काढून ठेवतो."

"अरे देवा! तिला कळलं तर?"

"काड्या कमी होतात, एवढं काल कळलं."

"रडली?"

"नाही गं रीटा. म्हणाली, डॅडी, मी काय वाईट वागले ते सांग ना."