दोन्ही पट्टे सारखे

सासू : तुझ्या बायकोला काही रीतभात? मी जरा पाठ टेकली, तेवढ्यात माझ्या हातची शिवण उसवून ठेवली बाईने! कचेरीचा झेंडा आहे तो. चार वाजता शिपाई न्यायला येणार.

मुलगा : आई, हळू. ती आत काजं करतेय, ऐकेल.

सासू : ऐकू दे! त्यासाठीच ओरडतेय. चाळीस वर्षं या दुकानात कापड मी बेतते. राजाचे झेंडे बेतले, राजाला हाकलणाऱ्या सेनापतीचेही बेतले. कुणाची टाप नव्हती बोट ठेवायची.

सून : (बाहेर येत) मीच उसवला आणि पुन्हा शिवला, आई. तुम्ही लाल पट्टा दीड हात धरला आणि निळा वीतभर.

सासू : मग? तसाच असतो. वर लाल राजाचा, खाली निळा रयतेचा.

सून : तो जुना. सेनापतीनेही तोच चालवला. आता निवडून आलेल्यांनी दोन्ही पट्टे सारखे केलेत. मापाचा कागद आला होता की.

सासू : मला नाही लागत कागद. माझ्या हाताला माप ठाऊक आहे.

सून : हाताला जुनं माप ठाऊक आहे.

मुलगा : झालं! आता जुंपली दोघींची.

सासू : तू सुईत दोरा ओव. आण गं तो कागद. अक्षर नाही कळत, चित्र कळतं मला... अगंबाई. सारखेच काढलेत. उद्या माझा झेंडा वर चढला असता तर?

सून : लोक म्हणाले असते, मतं आम्ही दिली आणि राजा परत आला.

सासू : अन् दुकानाच्या दाराला शेण! मला उठवलं का नाहीस?

सून : उठवलं असतं तर उसवू दिलं असतंत?

सासू : ...नसतं.

मुलगा : पहिल्यांदाच कबूल केलंस काही.

सासू : मेल्या, सरकार बदलायला सगळ्या मुलखाला बारा वर्षं लागली. माझा हात काय एका दुपारीत बदलेल? निळं पुरलं का गं?

सून : एक जोड द्यावा लागला. शिवण आतून दाबलीय.

सासू : बघू. हं. टाका बारीक आहे. माझ्याइतका नाही, पण आहे. ऐक, सूनबाई. आजपासून कापड तू बेतायचं. आणि चुकलीस, तर भर दुकानात बोलणार मी. गप्प बसायचे दिवस गेले आता.